खऱ्या सुगंधाचा पारखी : त्साई श्यांग

अकराव्या शतकातील चीनमध्ये घडलेला एक प्रसंग जुन्या आठवणींच्या ग्रंथांतून सांगितला जातो. फुजियान प्रांतातील एका गृहस्थाने आपल्या मान्यवर स्नेह्याला अतिशय दुर्मिळ असा चहा घेण्यासाठी घरी बोलावले. चहा दोघांपुरताच होता. दोघे बोलत बसले असताना अनपेक्षितपणे तिसरा पाहुणा आला, आणि थोड्या वेळाने तिघांपुढेही चहाचे पेले आले. मान्यवर पाहुण्याने पहिला घोट घेतला आणि शांतपणे सांगितले की, हा केवळ लहान वडीचा चहा नाही, यात मोठ्या वडीचा चहा मिसळलेला आहे. यजमान ओशाळला. चहा करणाऱ्या पोराला बोलावून विचारले, तेव्हा त्याने कबूल केले की त्याने दोघांपुरतीच वडी कुटून दळली होती. तिसरा पाहुणा येताच पुन्हा दळायला वेळ उरला नाही, म्हणून हाताशी असलेले मोठ्या वडीचे चूर्ण त्याने त्यात घातले. दोन्ही वड्या एकाच बागेच्या, एकाच घडणीच्या, दोन्ही राजदरबारी मानाच्या. तरीही एका घोटात भेसळ ओळखणारा हा पाहुणा म्हणजे त्साई श्यांग.

सोंग राजवटीतील हा विद्वान चीनमध्ये चार कारणांसाठी ओळखला जातो. तो त्या काळच्या चार श्रेष्ठ सुलेखनकारांपैकी एक, समुद्राच्या खाडीवर अचाट पूल उभारणारा प्रशासक, सम्राटाला तोंडावर खरे सांगणारा अधिकारी आणि चहाचा असा पारखी की त्याच्यापुढे चहाविषयी बोलायला लोक कचरत. चहात काही मिसळलेले असेल, त्याला बाहेरून वास दिलेला असेल, तर तो चहा कसा पारखावा, हा प्रश्न आज नाना सुवासांचे चहा घरोघरी आल्यामुळे आपल्यालाही पडतो. त्साई श्यांग यांनी तो सुमारे पावणेदहाशे वर्षांपूर्वी सोडवायला घेतला होता. मात्र त्यांच्या आयुष्याची गंमत अशी, आणि त्यातले दुखरे ठिकाणही हेच, की ज्या चहामुळे त्यांचे नाव झाले त्याच चहामुळे त्यांच्या कीर्तीला डागही लागला.

त्साई श्यांग यांचा जन्म 1012 साली फुजियानमधील श्यानयौ येथे झाला. हा प्रांत डोंगराळ, राजधानीपासून दूर, आणि दरबारी मंडळींच्या दृष्टीने आडबाजूचा. तेथून आलेल्या मुलाला वर चढायला एकच शिडी होती, ती म्हणजे साम्राज्याची परीक्षा. 1030 साली, अवघ्या अठराव्या वर्षी, त्साई श्यांग सर्वोच्च परीक्षा उत्तीर्ण झाले आणि राजसेवेत दाखल झाले.

1036 साली ते अजून कनिष्ठ अधिकारीच होते. त्या वर्षी सुधारणावादी मंत्री फान झोंगयान यांनी मुख्य प्रधानावर टीका केली आणि त्यांना राजधानीतून हलवण्यात आले. त्यांची बाजू घेणाऱ्या औयांग श्यू, यू जिंग आणि यिन झू या तिघांचीही पदे गेली. सर्वत्र शांतता पसरली असताना तरुण त्साई श्यांग यांनी या चौघांना सज्जन आणि गप्प बसलेल्या एका अधिकाऱ्याला नालायक ठरवणाऱ्या कविता लिहिल्या. राजधानीत लोकांनी त्यांच्या नकला करून घेतल्या, विक्रेत्यांनी त्यावर पैसे कमावले. उत्तरेकडील खितान राज्याचा दूतही एक प्रत विकत घेऊन गेला आणि ती त्यांच्याकडील अतिथिगृहात लावली गेली, असे इतिहासात नमूद आहे. माणसाचा अस्सलपणा कुठे आणि वरचा मुलामा कुठे, हे ओळखण्याची आणि ते उघड सांगण्याची सवय त्यांना चहाच्या आधीपासून होती.

1043 साली सम्राट रेनझोंग यांनी त्यांना राजाच्या चुका दाखवून देण्याच्या खात्यात नेमले. तेथे त्यांनी कुणाची भीड धरली नाही. त्यांच्या अक्षरावर सम्राटांचे अतोनात प्रेम होते. सम्राटांच्या मामांच्या स्मारकाचा शिलालेख त्यांनी लिहून दिला. परंतु सम्राटांच्या लाडक्या राणीच्या वडिलांसाठी तसाच लेख लिहिण्याची आज्ञा झाली, तेव्हा ते काम दरबारी लेखनिकांचे आहे, असे सांगून त्यांनी ती नाकारली.

1044 साली वृद्ध आईवडिलांजवळ राहता यावे म्हणून त्यांनी फूझोऊ येथे बदली मागून घेतली. पुढे, 1047 साली, ते संपूर्ण फुजियानचे वाहतूक व महसूल आयुक्त झाले. या काळात त्यांनी जुने तलाव पुन्हा खोदून शेतीला पाणी दिले आणि मागच्या राजवटींपासून चालत आलेला माणशी कर निम्म्यावर आणवला. याच पदाबरोबर त्यांच्याकडे आणखी एक जबाबदारी आली. ज्यान-आन येथील बेईयुआन या शाही चहाबागेची देखरेख त्यांना करायची होती.

त्या काळचा चहा आजच्यासारखा नव्हता. कोवळे शेंडे पहाट होण्याआधी खुडले जात, कारण ऊन चढले की पानांतला ओलावा आणि रस कमी होतो, अशी समजूत होती. बोटांच्या उष्णतेने व घामाने पान कोमेजू नये म्हणून ते नखांनी तोडायचे. मग ते धुवायचे, वाफवायचे, दाबून त्यातला रस काढायचा, पाण्यासह खलात लगदा होईतो घोटायचा, साच्यात घालून त्याच्या वड्या पाडायच्या आणि मंद आचेवर वाळवायच्या. पिण्याच्या वेळी वडी कुटून, दळून, चाळून तिचे वस्त्रगाळ चूर्ण करीत आणि पेल्यात गरम पाणी ओतून ते फेटत. पाने उकळून गाळण्याची ही पद्धत नव्हे. चूर्णासकट सगळाच चहा पोटात जाई.

बेईयुआनच्या वड्यांवर ड्रॅगन आणि फिनिक्स यांचे छाप उमटवलेले असत. त्साई श्यांग यांच्या आधी काही दशके डिंग वेई या अधिकाऱ्याने या मोठ्या वड्या नावारूपाला आणल्या होत्या. एका जिनात, म्हणजे त्या काळच्या सुमारे 640 ग्रॅममध्ये, अशा आठ वड्या बसत. त्साई श्यांग यांनी अधिक कोवळा शेंडा निवडून लहान वड्या पाडल्या. त्या एका जिनात वीस बसत. म्हणजे एक वडी तीन तोळ्यांहूनही कमी वजनाची. जिनभर वड्यांची किंमत दोन ल्यांग सोने, आपल्या मापाने जवळजवळ सात तोळे. आणि सोने असूनही हा चहा मिळत नसे. सम्राट मोठ्या यज्ञाच्या वेळी दोन सर्वोच्च कार्यालयांना प्रत्येकी एक वडी देत, आणि ती एक वडी चार मंत्री वाटून घेत. राजवाड्यातल्या स्त्रिया तिच्यावर सोन्याच्या पत्र्याची कातरलेली फुले चिकटवीत. औयांग श्यू यांना वीस वर्षांहून अधिक राजसेवेनंतर, 1062 साली, पहिल्यांदा एक अख्खी वडी मिळाली. त्यांनी ती प्यायली नाही, जपून ठेवली. पुढच्याच वर्षी सम्राट रेनझोंग वारले, आणि ती वडी हातात घेतली की त्यांचे डोळे भरून येत.

अशा वस्तूभोवती दिखावा जमणार हे उघडच आहे. दरबारी जाणाऱ्या वड्यांच्या पृष्ठभागावर तेलकट, चकचकीत लेप दिला जाई. त्यामुळे त्या निळसर, पिवळट, जांभळ्या किंवा काळ्या दिसत. शिवाय लगद्यात किंचित कापूर घालण्याची रीत होती. हा कापूर म्हणजे आपण आरतीला लावतो तो साधा कापूर नव्हे. चिनी भाषेत त्याला ड्रॅगनचा मेंदू अशा अर्थाचे नाव आहे. सुमात्रा आणि बोर्निओच्या जंगलांतील एका उंच वृक्षाच्या खोडात तो सापडतो. मराठीत त्यालाच भीमसेनी कापूर किंवा बरास म्हणतात, आणि बरास हा शब्द सुमात्राच्या किनाऱ्यावरील बारूस या प्राचीन बंदराची आठवण देतो. ज्या जहाजांतून तो आपल्या देव्हाऱ्यापर्यंत आणि विड्यापर्यंत पोहोचला, त्याच समुद्रमार्गाने तो चीनच्या चहातही जाऊन पडला. त्याचा वास थंड, तीव्र आणि महागडा. सम्राटाच्या पेल्यातून तो दरवळला की देणाऱ्याचा मान वाढे.

राजधानीत परतल्यावर त्साई श्यांग यांच्याकडे सम्राटांच्या दैनंदिनीची नोंद ठेवण्याचे काम आले. फुजियानहून त्यांनी पाठवलेला चहा उत्तम होता, असे सम्राटांनी बोलता बोलता सांगितले, आणि त्या निमित्ताने त्यांनी 1050 च्या आसपास एक छोटे पुस्तक लिहून सम्राटांना सादर केले. चा लू, म्हणजे चहाच्या नोंदी, हे त्याचे नाव. आठव्या शतकातील लू यू यांचा चहावरचा आद्य ग्रंथ प्रसिद्ध होता, पण त्यात ज्यान-आनच्या चहाला स्थान नव्हते. डिंग वेई यांनी खुडणी आणि घडणी यांबद्दल लिहिले होते, पण चहा करावा कसा आणि पारखावा कसा, हे कुणी सांगितले नव्हते. ती उणीव त्साई श्यांग यांनी काही पानांत भरून काढली. पहिल्या भागात चहाविषयी दहा प्रकरणे, दुसऱ्यात भांड्यांविषयी नऊ.

पारखीची सुरुवात ते रंगापासून करतात, पण रंगावर थांबत नाहीत. वडीवर लेप असल्यामुळे वरचा रंग फसवा असतो, हे ते आधीच सांगून टाकतात. चेहरा पाहून माणसाचे आरोग्य आणि स्वभाव ओळखणारा जाणकार जसा कातडीच्या आत पाहतो, तसे पारख्याने लेपाच्या आतला गर पाहावा, त्याचा पोत नितळ व तेजस्वी असेल तर तो चहा उत्तम, असे त्यांचे मत होते. मग चूर्ण पाण्यात पडल्यावर काय होते ते पाहायचे. पिवळट पांढरे चूर्ण पाण्यात गढूळ आणि जड दिसते. निळसर पांढरे चूर्ण ताजे, स्वच्छ दिसते. म्हणून ज्यान-आनच्या लोकांत जेव्हा चहाची स्पर्धा लागे, तेव्हा निळसर छटेचा चहा पिवळट छटेवर मात करी.

दुसरे प्रकरण सुगंधाचे, आणि या पुस्तकाचा प्राण तेथेच आहे. चहाला स्वतःचा असा खरा सुगंध असतो, हे त्यांचे पहिले विधान. दरबारी वड्यांत तो वास वाढावा म्हणून थोडा कापूर मिसळतात, हे ते कोणताही आडपडदा न ठेवता नोंदवतात. आणि लगेच सांगतात की ज्यान-आनचे लोक स्वतः चहा पारखतात तेव्हा त्यात कोणताही सुवास घालत नाहीत, कारण चहाचा खरा गंध हिरावला जाईल अशी त्यांना भीती असते. चहा करताना वरून सुकी फळे आणि सुगंधी वनस्पती घातल्या तर हे हिरावणे आणखी वाढते, म्हणून तसे करू नये. हे सारे सम्राटांना सादर केलेल्या ग्रंथात लिहिलेले आहे, हे विसरता कामा नये. जो चहा सर्वांत मौल्यवान म्हणून सिंहासनापुढे जातो त्याला वरून वास दिलेला असतो, आणि जो चहा डोंगरातले लोक आपसांत पितात तो निर्भेळ असतो, असे त्यातून सरळ निघत होते. चुका दाखवण्याच्या खात्यातील जुना अधिकारी येथे चहाच्या निमित्ताने पुन्हा बोलत होता.

अर्थात सुवासिक चहाला नाके मुरडणारे ते पहिले नव्हते. लू यू यांनीही कांदापात, आले, बोर, संत्र्याची साल, पुदिना असे पदार्थ घालून उकळलेल्या चहाची गणना गटारात ओतण्याच्या पाण्यात केली होती. फरक असा की लू यू यांनी रागाने निकाल दिला, त्साई श्यांग यांनी कारण दिले. त्यांचा आक्षेप कापराच्या वाईटपणाला नव्हता. कापूर उत्तमच, पण तो मिसळला की खालचा चहा चांगला आहे की सुमार, हे नाकाला कळेनासे होते. सुवास ही भर न राहता पडदा बनतो. परीक्षा घेताना तो पडदा दूर केला पाहिजे, एवढेच त्यांचे म्हणणे.

तो दूर करण्याच्या युक्त्याही त्यांनी दिल्या. जुनी वडी स्वच्छ भांड्यात उकळत्या पाण्यात भिजवावी, वरच्या लेपाचे एक-दोन थर खरवडून काढावेत, मंद आचेवर ती कोरडी करावी आणि मगच कुटावी. साठवण करताना बांबूच्या पानांत गुंडाळावी आणि सुगंधी द्रव्यांपासून दूर ठेवावी, कारण चहा शेजारचा वास पटकन ओढून घेतो. हिंगाच्या डब्याजवळ चहाची पूड ठेवण्याची चूक ज्या घरात एकदा झाली असेल, त्या घराला हा नियम वेगळा समजावून सांगायला नको. दोन-तीन दिवसांनी माणसाच्या अंगाइतक्या ऊबेत वड्या शेकाव्यात. चूर्ण ताजे दळलेले असावे, कारण रात्र उलटली की त्याचा रंग मंदावतो.

चवीच्या बाबतीत त्यांची कसोटी दोनच शब्दांत मावते. चहा गोडसर असावा आणि घशातून अलगद उतरावा. बेईयुआनच्या फिनिक्स टेकडीचाच चहा त्या कसोटीला उतरतो. ओढ्यापलीकडच्या टेकड्यांवर कितीही काळजीपूर्वक वड्या पाडल्या तरी त्यांचा रंग आणि चव जडच राहते, असे ते म्हणत. पाणी वाईट असेल तर चांगला चहाही वाया जातो, हेही ते बजावतात. पाण्याचे तापमान ओळखणे त्यांना सर्वांत अवघड वाटे. पाणी कमी तापले तर फेस वर तरंगतो, फार उकळले तर चूर्ण तळाशी बसते. बंद तोंडाच्या भांड्यात ते दिसत नाही, अंदाजानेच ओळखावे लागते. पेला आधी गरम केलेला हवा. चूर्ण आणि पाणी यांचे प्रमाण बिघडले की एक तर फेस विरतो नाही तर पेज होते.

ज्यान-आनची स्पर्धा या साऱ्याचा कस पाहत असे. जड चमच्याने फेटून पांढराशुभ्र फेस आणायचा आणि तो पेल्याच्या कडेला धरून राहतो का ते पाहायचे. ज्याचा फेस आधी ओसरून पाण्याची रेघ उघडी पडे तो हरला. पांढरा फेस उठून दिसावा म्हणून पेले काळे असत. सशाच्या केसांसारख्या बारीक रेघा असलेले, जाड आणि म्हणून उष्णता धरून ठेवणारे ज्यान-आनचे काळे पेले त्यांनीच सर्वोत्तम ठरवले. त्या पेल्यांना पुढे जपानमध्ये अपार मान मिळाला आणि आज ते जगातील मोठ्या संग्रहालयांत मांडलेले आहेत.

त्यांच्या जिभेच्या कथा अनेक आहेत. ज्यान-आनच्या एका मठात दगडांच्या फटींत चहाची झुडपे होती. भिक्षूंनी त्याच्या आठ वड्या केल्या, चार त्साई श्यांग यांना दिल्या आणि चार गुपचूप राजधानीतील वांग ग्वेई यांच्याकडे धाडल्या. वर्षभराने त्साई श्यांग राजधानीत आले आणि वांग ग्वेई यांच्या घरी गेले. पेला हातात आला, ओठाला लागण्याआधीच त्यांनी तो त्या मठाचा चहा असल्याचे सांगून तो येथे कसा आला असे विचारले. यजमानांना विश्वास बसेना. वडीवरची चिठ्ठी मागवून पाहिली, तेव्हा त्यांनी हात टेकले.

पण हरण्याच्या कथाही तितक्याच मोकळेपणाने सांगितल्या गेल्या आहेत. सू शुनयुआन यांच्याशी एकदा त्यांची चहाची चढाओढ लागली. त्साई श्यांग यांचा चहा सरस होता आणि त्यांनी प्रसिद्ध ह्वेईशान झऱ्याचे पाणी वापरले होते. सू शुनयुआन यांचा चहा कमी प्रतीचा होता, पण त्यांनी बांबूमधून झिरपलेले पाणी आणले आणि ते जिंकले. पाण्याचे महत्त्व सांगणारा ग्रंथकार पाण्यापायीच हरला.

या पुस्तकाच्या वाट्याला चोरीही आली. त्साई श्यांग फूझोऊला असताना त्यांच्या कचेरीतील लेखनिकाने हस्तलिखित पळवले. ते एका तालुक्याच्या अधिकाऱ्याला विकत मिळाले आणि त्याने ते कोरून प्रसृत केले, पण त्यात चुका फार होत्या. अखेर 1064 साली त्साई श्यांग यांनी स्वतः मजकूर दुरुस्त केला आणि आपल्या अक्षरात दगडावर कोरवून घेतला, म्हणजे पुन्हा कुणी त्यात भेसळ करू नये.

चहा हा त्यांच्या आयुष्याचा एक कोपरा होता, हेही सांगायला हवे. फूझोऊला असताना त्यांनी ऋण काढून केल्या जाणाऱ्या थाटाच्या अंत्यविधींना आळा घातला. आजारी लोक मांत्रिकांकडे जात, म्हणून औषधांचे पाठ लिहवून ते सर्वांना वाचता येतील असे कचेरीच्या दाराशी लावले. रस्त्यांच्या कडेने सातशे ली अंतरापर्यंत पाईनची झाडे लावून वाटसरूंना सावली दिली. 1059 साली त्यांनी लिचीवर एक ग्रंथ लिहिला आणि त्यात बत्तीस जातींचे वर्णन केले. त्याच वर्षी क्वानझोऊजवळील वानआन पूल पुरा झाला. भरतीच्या जोराने होड्या उलटत, माणसे बुडत, अशा खाडीच्या मुखावर 1053 साली त्याचे काम सुरू झाले होते. 47 गाळे, 3600 चिनी फूट लांबी, खर्च एक कोटी चाळीस लाख नाणी, हे आकडे त्यांनी स्वतः लिहिलेल्या शिलालेखात आहेत. पायाच्या दगडांवर कालवे वाढू दिली गेली आणि त्यांच्या कवचांनी दगड एकमेकांना घट्ट चिकटले. गोव्याच्या किनाऱ्यावर खडकाला धरून बसलेली कालवे ज्यांनी सोडवून पाहिली आहेत, त्यांना ही युक्ती किती भक्कम ते पटेल. हा पूल आजही उभा आहे. 2021 साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून गौरवलेल्या क्वानझोऊच्या स्थळांत त्याचा समावेश आहे.

मग डाग कोणता? लोकांचा कर निम्मा करणाऱ्या, वाटसरूंसाठी झाडे लावणाऱ्या या माणसाने राजाच्या जिभेसाठी सोन्याहून दुर्मिळ वड्या घडवल्या, हे त्यांच्या मित्रांनाच खुपले. लहान वड्यांची बातमी ऐकून औयांग श्यू यांनी सुस्कारा टाकला आणि त्साई श्यांग यांच्यासारख्या सुशिक्षित माणसाने असे करावे याचे आश्चर्य व्यक्त केले, असे सू शी यांनी नोंदवले आहे. स्वतः सू शी यांनी 1095 साली, दक्षिणेकडे हद्दपारीत असताना, लिचीवरील आपल्या कवितेत डिंग वेई आणि त्साई श्यांग यांची नावे एकत्र घेतली. राजाला खूश करण्यासाठी लोकांच्या पाठीवर ओझे लादण्याची ही चढाओढ आहे, असा त्यांचा आरोप होता.

आरोप खोटा नव्हता. वीस वड्यांचा जिन घडवायला किती शेंडे लागत आणि किती हात पहाटेच्या थंडीत राबत, याची कल्पना करता येते. पुढच्या शतकातील नोंदींनुसार बेईयुआनच्या टेकडीवर पहाटेपूर्वी नगारा वाजे, मजूर जमत, प्रत्येकाला बिल्ला देऊन आत सोडत आणि सकाळी झांज वाजवून परत बोलवत. त्साई श्यांग यांच्या लहान वडीनंतर आलेल्या अधिकाऱ्यांनी तिच्याहून बारीक, तिच्याहून महाग वड्या काढल्या, कारण आता मागे टाकण्यासाठी एक माप समोर होते. पारख्याने उत्कृष्टतेची खूण उंच लावली की ती गाठण्याची किंमत कुणीतरी तिसराच चुकवतो. त्साई श्यांग यांना चहातली भेसळ कळली, पण आपल्या स्वतःच्या कार्यात निष्ठा आणि खुशामत यांची किती मिसळ झाली, हे त्यांना कळले होते की नाही, त्याचे उत्तर त्यांनी मागे ठेवलेले नाही. त्यांच्या बाजूने एवढे म्हणता येते की याच माणसाने दरबारी चहाच्या कापराचे गुपित दरबारात उघड केले.

1063 साली रेनझोंग वारले. तेव्हा त्साई श्यांग साम्राज्याच्या अर्थखात्याचे प्रमुख होते. नव्या सम्राटाच्या निवडीला त्यांचा विरोध होता, अशी कुजबुज कुणीतरी पसरवली आणि नव्या दरबाराची मर्जी त्यांच्यावरून उतरली. 1065 साली ते हांगझोऊचे प्रशासक म्हणून बाहेर पडले. पुढच्या वर्षी आई गेली, आणि 1067 साली ते स्वतः गेले. त्यांचा समाधिलेख औयांग श्यू यांनी लिहिला. अखेरच्या काळात आजारपणामुळे त्यांना चहा वर्ज्य झाला होता. तरीही ते चहा तयार करीत, पेला हातात धरून त्याचे रूप पाहत बसत आणि न पिता खाली ठेवत, असे सांगतात. पारखीला जिभेची गरज उरली नव्हती.

त्यांचे म्हणणे खरे ठरायला अर्धे शतक जावे लागले. 1107 च्या सुमारास सम्राट ह्वेईझोंग यांनी स्वतः चहावर ग्रंथ लिहिला आणि चहाच्या खऱ्या सुगंधाची बरोबरी कापराला करता येत नाही, हे मान्य केले. 1120 च्या आसपास शाही वड्यांतून कापूर काढून टाकण्यात आला. कारण नोंदवले गेले ते हेच की तो खरी चव हिरावतो. वड्यांची प्रथाही टिकली नाही. 1391 साली मिंग सम्राटांनी लोकांचे श्रम वाचावेत म्हणून दरबारासाठी वड्या पाडणे बंद करून सुटी पाने मागवायला सुरुवात केली. सू शी यांचा आक्षेप असा तीनशे वर्षांनी निकालात निघाला.

इतिहासाने मात्र एक गंमत राखून ठेवली होती. ज्या फूझोऊवर त्साई श्यांग यांनी राज्यकारभार केला, तेच शहर आज मोगऱ्याच्या सुवासिक चहासाठी जगप्रसिद्ध आहे. त्याच्या मोगऱ्याच्या बागा आणि चहा यांची परंपरा 2014 साली संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने जागतिक महत्त्वाचा कृषी वारसा म्हणून स्वीकारली. मोगरा मूळचा आपल्या बाजूचा, आणि चिनी परंपराही त्याला समुद्रापलीकडून आलेले फूल मानते. तेथे संध्याकाळी उमलू लागलेल्या कळ्या चहाच्या पानांत रात्रभर पसरतात. पाने गंध शोषून घेतात, मग फुले चाळून काढून टाकतात आणि पाने पुन्हा वाळवतात. उत्तम प्रतीसाठी हे अनेक वेळा, दर वेळी ताज्या फुलांनी करतात. शेवटी पेल्यात फूल नसते, असते ते पानच.

त्साई श्यांग यांनी हा चहा प्यायला असता तर काय म्हटले असते, हा तर्काचा विषय. पण त्यांची कसोटी त्यालाही लावता येते, आणि आपल्या स्वयंपाकघरातल्या आले-वेलची-गवती चहालाही. दुकानातून नवा सुवासिक चहा आणला तर आधी कोरडी पाने हातावर घेऊन पाहावीत, मसाल्याच्या आणि फुलांच्या तुकड्यांखाली पान अख्खे आहे की नुसता चुरा आहे ते तपासावे. पहिला पेला दूध-साखरेविना घ्यावा. तो थोडा निवू द्यावा, कारण गरम वाफेबरोबर वरचा वास उडतो आणि खालची चव उघडी पडते. त्याच पानांवर दुसऱ्यांदा पाणी ओतून पाहावे. वास गेल्यावरही पेल्यात काही उरत असेल, तर सुवासाने चहाला साथ दिली. काहीच उरत नसेल, तर त्याने चहाचे उणे झाकले. ओशाळलेल्या यजमानासमोर पहिल्या घोटात त्साई श्यांग यांनी जे ओळखले, ते याच सवयीने.